चामड्यासाठी पहिले शिलाई मशीन निवडताना

हातशिलाईकडून मशीनकडे वळू पाहणाऱ्या वाचकांची तीन पत्रे या वेळी उत्तरासाठी घेतली आहेत. पहिल्या पत्रातला प्रश्न अनेकांचा आहे, म्हणून त्याला अधिक जागा दिली आहे.

प्रश्न : मी गेली दोन वर्षे चामड्याची पाकिटे, चष्म्याची घरे आणि लहान बटवे हाताने शिवत आहे. मागणी वाढली आहे, पण एका पाकिटाच्या नुसत्या शिवणीलाच तीन तास जातात. घरात आईचे पायाने चालवायचे काळे मशीन आहे. त्यावर चामडे शिवले तर ते बिघडेल, असे सगळे सांगतात. दुकानदाराचे म्हणणे असे, की शिंपी वापरतात ते मोटरचे एकसुई मशीन घ्या, त्यावर सगळे शिवता येते. याशिवाय हाताने फिरवायचे, बूट दुरुस्तीचे एक लोखंडी मशीन जाहिरातींत स्वस्तात दिसते. पुढे मला खांद्यावरच्या बॅगा आणि कमरेचे पट्टेही करायचे आहेत. यांतले नेमके काय घ्यावे?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आपण मशीनांची माहिती नीट दिली आहे, पण आपल्या वस्तू सर्वांत जाड जागी किती मिलिमीटर भरतात ते लिहिलेले नाही, आणि निवडीची सुरुवात खरे तर तिथूनच करावी लागते. एखाद्या कारखानदाराकडून साधा व्हर्निअर कॅलिपर मागून घ्या आणि आपल्याच पाकिटाची कड मोजा. बाहेरचे चामडे १.२ मिलिमीटरचे आणि आत एकावर एक आलेले ०.८ मिलिमीटरचे तीन कप्पे असतील, तर कडेला ३.६ मिलिमीटर जाडी होते. कप्प्यांच्या कडा रापीने, म्हणजे चामडे तासायच्या सुरीने, छिलून निम्म्या केल्या, तर तीच जाडी २.४ वर येते. म्हणजे मशीनवर पडणारा एक तृतीयांश भार मशीन घेण्याआधीच आपल्या हातातली रापी कमी करू शकते. बॅगेचे मात्र तसे नसते. पट्टा जिथे कडीतून दुमडून बॅगेच्या अंगाला जोडला जातो, तिथे पट्ट्याचे दोन थर, बॅगेचे अंग आणि आतला आधाराचा तुकडा मिळून सहा मिलिमीटर सहज होतात, आणि तेवढ्या एका इंचासाठी संपूर्ण मशीनची निवड बदलते. तेव्हा आज काय शिवता, याबरोबरच येत्या दोन वर्षांत कोणती सर्वांत जाड वस्तू शिवणार आहात, तेही कागदावर लिहून ठेवा.

आता चामडे आणि कापड यांतला फरक पाहू, कारण दुकानदाराचा सल्ला याच ठिकाणी चुकतो. कापडात सुई धाग्यांमधून वाट काढते आणि बाहेर आली की वाट बुजते. चामड्याला पडलेले भोक कायमचे असते. शिवण उसवून पुन्हा घालता येत नाही, टाचण्या लावता येत नाहीत, आणि टाके फार बारीक घातले तर टपाल तिकिटाच्या कडेसारखी भोकांची रांग तयार होऊन चामडे नेमके तिथेच फाटते. पाकिटाला तीन मिलिमीटरचा आणि बॅगेला चार मिलिमीटरचा टाका म्हणूनच योग्य ठरतो. दुसरी गोष्ट घर्षणाची. साध्या मशीनमध्ये माल पुढे नेण्याचे काम फक्त खालचे दाते करतात आणि वरचा पाय, ज्याला कारागीर नुसते ‘फूट’ म्हणतात, तो एका जागी दाबून बसलेला असतो. कापड त्याखालून सरकते, चामडे मात्र त्याला चिकटते. त्यामुळे खालचा थर पुढे जातो, वरचा मागे रेंगाळतो, आणि फूटभर शिवण संपेपर्यंत मोजून कापलेले दोन तुकडे तीन-चार मिलिमीटरने पुढेमागे होतात. दात्यांना पकड मिळावी म्हणून फुटाचा दाब वाढवला, तर खालच्या बाजूला दात्यांचे वळ उमटतात, आणि तेही जात नाहीत.

शिंप्यांकडचे मोटरचे एकसुई मशीन याच जातीचे असते. ते वाईट नाही, पण ते सदरे आणि पायजमे वेगाने शिवण्यासाठी बनवलेले आहे. या वर्गातल्या सुप्रसिद्ध जुकी डीडीएल-८७०० ची कमाल गती मिनिटाला ५,५०० टाक्यांची आहे. त्याच कंपनीच्या, चामडे आणि सोफ्याची जाड कापडे यांसाठी असलेल्या डीएनयू-१५४१ ची २,५०० टाक्यांची. जड कामाचे मशीन मुद्दाम निम्म्याहून कमी वेगाचे केले आहे, एवढे लक्षात घेतले तरी पुरे. माझे पहिले मशीनही असेच वेगवान एकसुई होते. एका दुकानाने ते ‘चामड्यालाही चालते’ म्हणून दिले होते, आणि मी दुकानात त्यांच्याच रेक्झिनच्या तुकड्यावर शिवण पाहून पैसे मोजले होते. पहिल्याच मागणीच्या वीस पाकिटांपैकी सात टाकून द्यावी लागली. काहींत थर सरकले होते, आणि दोन पाकिटांवर यंत्राच्या आतल्या तेलाचे थेंब उडून फिक्या चामड्यात उतरले होते. माल चांगला होता, कापणी चांगली होती, आणि तरीही तो वाया गेला, याचे दुःख मला अजून आहे. म्हणूनच हे उत्तर इतके सविस्तर लिहीत आहे.

चामड्यासाठी जे मशीन शोधायचे त्याला बाजारात ‘वॉकिंग फूट’ किंवा ‘कंपाउंड फीड’ म्हणतात. दुकानात ते उघडे पाहायला मिळाले, तर मोटर बंद ठेवून चाक हाताने सावकाश फिरवा आणि फुटाकडे डोळे लावून बसा. फूट एक नसून दोन दिसतील, एकाच्या आत एक. सुई चामड्यात उतरते, तिच्याबरोबर आतला पाय खाली येऊन माल दाबतो, आणि मग सुई, आतला पाय आणि खालचे दाते असे तिघे मिळून माल एका टाक्याएवढा मागे नेतात. त्यानंतर बाहेरचा पाय खाली येऊन माल धरून ठेवतो, आणि तेवढ्या वेळात सुई व आतला पाय उचलून पुन्हा पुढे येतात. चामड्यात रुतलेली सुईच माल ओढते, त्यामुळे वरचा थर मागे राहायला जागाच उरत नाही. ही चाल एकदा डोळ्यांनी पाहिली, की ‘पॉवरफुल मोटर’ या शब्दांची भुरळ आपोआप उतरते. चामडे नीट शिवले जाते ते मोटरच्या ताकदीने नव्हे, तर माल पुढे नेण्याच्या या रीतीने. काही मशीनांवर ‘वॉकिंग फूट’ लिहिलेले असते आणि त्यांत सुई मात्र मागेपुढे हलत नाही. तेव्हा नावावर न जाता सुईकडे पाहावे.

यानंतर प्रश्न येतो मशीनच्या अंगाचा. सपाट पाट्याचे मशीन सर्वांत स्वस्त, दुरुस्तीला सोपे आणि पाकिटे, पट्टे, फोल्डर, आतून शिवून उलटवायच्या पिशव्या यांना पुरेसे असते. ज्याचा खालचा भाग नळीसारखा बाहेर आलेला असतो त्या सिलिंडर आर्म मशीनवर बॅगेचे तयार तोंड किंवा बाजूची पट्टी नळीवर चढवून गोल फिरवीत शिवता येते. जुकीचे एलएस-१३४१ आणि जुने पाफ ३३५ ही त्या जातीची नावाजलेली मशीने आहेत, आणि पाफच्या धर्तीवर बनलेली अनेक मशीने आज बाजारात आहेत. तिसरा प्रकार खांबासारख्या उंच बैठकीचा, तो बुटांच्या वरच्या भागासाठी असतो. आपल्याला त्याची गरज नाही. आपल्या यादीत पाकिटे आणि पट्टे अधिक आहेत, बॅगा पुढच्या आहेत. माझ्या मते आपण सपाट पाट्याचे कंपाउंड फीड मशीन घ्यावे, आणि बॅगांची आखणी सुरुवातीला अशी करावी की शिवण सपाट असतानाच पूर्ण होईल. मात्र आपला खरा जीव खोक्यासारख्या, बाहेरून शिवण दिसणाऱ्या बॅगांत असेल, तर थोडे थांबून, पैसे साठवून थेट सिलिंडर आर्म घ्यावे. त्याच्या नळीभोवती बसवता येणारा सपाट पाट मिळतो, त्यामुळे त्यावर पाकीट शिवता येते. सपाट मशीनची नळी मात्र कधीच करता येत नाही.

बूट दुरुस्तीच्या हातमशीनबद्दल मनात राग धरण्याचे कारण नाही, पण त्याचे काम ओळखले पाहिजे. त्याचा मूळ आदर्श म्हणजे स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँक इथे पूर्वी बनणारे सिंगर २९के. त्या नावातला ‘के’ हा तिथल्या किलबोवी कारखान्याचा. त्या मशीनचे फूट सर्व दिशांना वळते आणि माल वरून ओढते, म्हणून बुटाच्या पंजात नळी घालून हव्या त्या दिशेने ठिगळ शिवता येते. दुरुस्तीसाठी ही रचना फार उपयोगाची. परंतु वरच्या फुटाचे दाते चामड्याच्या चांगल्या बाजूवर उमटतात, खालच्या दोऱ्याची बॉबीन लहान असते, आणि सरळ रेषेत समान टाके घालणे अवघड जाते. आज स्वस्तात मिळणाऱ्या त्याच्या नकलांचे ओतीव भाग कानसून, घासून, जुळवून घ्यावे लागतात. ज्याला यंत्र उघडण्याची आवड आहे त्याने जरूर घ्यावे. ज्याला पाकिटे विकायची आहेत, त्याने घेऊ नये.

आणि आईचे काळे मशीन? त्याला आपण निकालात काढले, याचे मला वाईट वाटले. पायाने चालणाऱ्या मशीनवर टाका अगदी एकेक करून घालता येतो, आणि नवशिक्याला सर्वांत जास्त गरज त्याचीच असते. एक मिलिमीटरचे दोन थर, चामड्याची ११० नंबरची सुई, ४० नंबरचा नायलॉन दोरा आणि घसरणारे टेफ्लॉनचे किंवा चाकाचे फूट एवढी तयारी केली, तर चष्म्याचे घर किंवा नाण्यांचा बटवा त्यावर उत्तम निघतो. सुई मागवताना जुन्या मशीनमधली सुई दुकानात नेऊन तिची लांबी आणि दांड्याचा आकार जुळवावा. जाड जागी पायाचा जोर लावण्याऐवजी चाक हाताने फिरवावे, आणि चाक अडले तर तिथेच थांबावे. मशीन बिघडते ते चामड्यामुळे नव्हे, अडलेले चाक रेटल्यामुळे. पट्टे आणि बॅगा त्यावर शिवायला जाऊ नका. बाजारात ‘अम्ब्रेला मॉडेल’ म्हणून मिळणारे जड काळे मशीन जाड मालाला थोडे अधिक तयारीचे असते, पण त्यातही माल फक्त खालचे दातेच ओढतात, हे विसरू नये. नवे मशीन येईपर्यंतचे सहा महिने आईच्या मशीनवर काढलेत, तर नवे मशीन वापरताना हात तयार असेल.

मोटर घेताना जुन्या पद्धतीची क्लच मोटर टाळावी आणि सर्व्हो मोटर घ्यावी. क्लच मोटर बटण दाबल्यापासून सतत फिरत राहते आणि पाय जरा जास्त दाबला गेला, तर सहा टाके एकदम पडतात. सर्व्हो मोटर पाय दाबल्यावरच फिरते, तिची गती आधीच कमी करून ठेवता येते आणि वीजही कमी खाते. मोटर व मशीन यांच्यामध्ये मोठ्या चाकाची गतिरोधक पुली बसवली, तर वेग कमी होऊन सुईला त्याच प्रमाणात जोर मिळतो. कोपऱ्याशी येऊन शेवटचे दोन टाके नेमके भोकात पडायला हवे असतात, तेव्हा या पुलीचे मोल कळते. आणखी एक व्यवहाराची गोष्ट : अशा मशीनचे नुसते डोके पस्तीस किलोच्या वर भरते आणि टेबल वेगळे. घर वरच्या मजल्यावर असेल, तर चढवण्याची सोय आधी पाहावी आणि खाली जाड रबर घालावे.

सुई आणि दोरा यांची जोडी मशीनइतकीच महत्त्वाची आहे. दोऱ्याच्या नंबराचा हिशेब उलटा असतो; ४० पेक्षा २० नंबर जाड. पाकिटाला ४० नंबर आणि ११० ची सुई, बॅगेला आणि पट्ट्याला २० नंबर आणि १४० ची सुई, हा सुरक्षित मेळ आहे. वर सांगितलेल्या कंपाउंड फीड वर्गातल्या बहुतेक मशीनांना १३५ × १७ ही सुई लागते. तिचे टोक गोल, कापडासाठीचे असते. त्याच लांबीची, पण धारदार टोकाची चामड्याची सुई १३५ × १६ या नावाने मागावी. धारेच्या दिशेप्रमाणे टाक्याचे रूप बदलते. ‘एलआर’ टोकाने टाका किंचित तिरपा, हातशिलाईसारखा दिसतो. ‘एस’ टोकाने एका रेषेत सरळ बसतो. माझी पसंती ‘एलआर’ला आहे. दोरा बाँडेड नायलॉनचा किंवा पॉलिएस्टरचा घ्यावा. सुती दोरा वनस्पतीने कमावलेल्या कातड्यात कालांतराने कुजतो.

दुकानात जाताना आपल्याच चामड्याचे तुकडे घेऊन जा. दोन मिलिमीटर, चार मिलिमीटर आणि सहा मिलिमीटर जाडीचे, सोल्यूशनने चिकटवलेले, प्रत्येकी एक फूट लांबीचे. दुकानदाराच्या तुकड्यावर शिवलेले पाहून समाधान मानू नका. शिवण सुरू करताना दोन्ही दोऱ्यांची टोके बोटात धरून पहिले चार टाके घाला, मग दोनवरून चारवर चढा आणि उतरा. चढावर टाका आखूड झाला, तर फुटाचा उचल कमी आहे असे समजावे. शेवटी उलट टाका घाला आणि भिंगातून पाहा : सुई पुढे जाताना पडलेल्या भोकांतच परतताना उतरली पाहिजे. ती बाजूला नवी भोके पाडत असेल, तर दुकानातल्या मेकॅनिककडून तिथल्या तिथे जुळवून घ्या. जुने मशीन घेत असाल, तर सुईचा दांडा बोटांनी डावी-उजवीकडे हलवून पाहा. तो जाणवेल इतका हलला, तर व्यवहार सोडून द्यावा. आणि फूट, बॉबीन, हुक हे सुटे भाग आपल्या जिल्ह्यात किंवा निदान पुण्या-मुंबईत मिळतात की नाही, ते पैसे देण्याआधी विचारावे.

कमरेच्या पट्ट्याबद्दल एक स्पष्टीकरण. चार मिलिमीटरचा पट्टा या मशीनवर २० नंबरच्या दोऱ्याने नीट शिवता येईल. घोड्याच्या साजावर असतो तसा ठसठशीत, जाड दोऱ्याचा टाका हवा असेल, तर त्यासाठी जुकी ४४१ च्या धर्तीची फार अवजड मशीने असतात, पण त्यांची जाड सुई पाकिटाच्या चामड्याची चाळण करते. असे पट्टे आपण हातानेच शिवावेत. मशीनच्या टाक्यात वरचा आणि खालचा दोरा एकमेकांत अडकलेले असतात आणि एक झिजला की दुसरा सैल होतो. दोन सुयांच्या हातटाक्यात प्रत्येक दोरा स्वतंत्रपणे आरपार गेलेला असतो. रोज ओढ बसणाऱ्या पट्ट्याला हा फरक कळतो, आणि तो गिऱ्हाइकाला सांगून किंमत लावण्यात संकोच करू नये.

प्रश्न : आमच्या घरी कोल्हापुरी चपला बनतात. मजूर मिळत नाहीत म्हणून मुलगा तळ शिवण्यासाठी मशीन घेऊ म्हणतो. घ्यावे का?
– एक वाचक, कोल्हापूर जिल्हा

उत्तर : तळासाठी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पारंपरिक कोल्हापुरीचा तळ चामड्याच्याच वादीने शिवला जातो, त्यात खिळा नसतो. वादी आणि तळ एकाच जातीचे असल्याने दोन्ही बरोबरच भिजतात, वाळतात आणि पायाशी जुळत जातात. तिथे नायलॉनचा दोरा घातला, तर चप्पल टिकेलही, पण ती वेगळी वस्तू होईल. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले ते महाराष्ट्र आणि कर्नाटक यांतल्या आठ जिल्ह्यांना मिळून, आणि ज्या कौशल्यामुळे ते मिळाले ते या हातशिलाईत आहे. आपला मजुरीचा प्रश्न खरा आहे आणि मी तो हलका लेखत नाही. मुलाला मशीन हवेच असेल, तर त्याने पाकिटे, कमरपट्टे, पिशव्या असा जोडमाल त्यावर करावा, आणि त्या मिळकतीतून वादीचे काम जाणणाऱ्या कारागिराला जास्त मजुरी द्यावी. संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळाच्या जिल्हा कार्यालयात यंत्रासाठीच्या योजनांची चौकशी मात्र आधी करावी.

प्रश्न : सेकंडहँड कंपाउंड फीड मशीन घेतले. पातळ चामड्यावर टाके छान येतात, पण जाड जागी मधले टाके सुटतात. मशीन परत करू का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : लगेच करू नका; बहुतेक वेळा दोष सुईत किंवा दाबात असतो. सुई वर येऊ लागली की तिच्या नाकाशी दोऱ्याचा बारीक फास तयार होतो आणि बॉबीनभोवती फिरणारे हुक तो पकडते. जाड चामडे सुईबरोबर वर उचलले गेले, तर हा फास बनतच नाही आणि टाका सुटतो. म्हणून प्रथम फुटाचा दाब थोडा वाढवा. मग सुई बदला, ती पूर्ण वरपर्यंत बसली आहे आणि तिची खाच योग्य बाजूला आहे, हे पाहा. दोऱ्याला सुई फार बारीक तर नाही, हे तपासण्याची एक सोपी रीत आहे : हातभर दोरा सुईत ओवून दोन्ही हातांत तिरपा धरा, सुई स्वतःच्या वजनाने घसरत खाली आली पाहिजे. अडकली, तर एक नंबर मोठी घ्या. थर चिकटवताना सोल्यूशन शिवणीच्या रेषेवर आले असेल, तर ते सुईला चिकटून हाच दोष उद्भवतो. सुई स्पिरिटच्या फडक्याने पुसा आणि पुढच्या वेळी सोल्यूशन अगदी कडेला, रेषेच्या बाहेर लावून, शिवणीनंतर कड छाटा. एवढे करूनही टाके सुटत राहिले, तर सुई आणि हुक यांची वेळ चुकली आहे असे समजून मेकॅनिकला बोलवा, आणि तो येईल तेव्हा टाके सुटतात तोच सहा मिलिमीटरचा तुकडा त्याच्या हातात द्या, म्हणजे तो पातळ कापडावर मशीन जुळवून निघून जाणार नाही.